विद्यापीठातले खुले शनिवार : एकमेकांचे धर्म एकत्र बसून ऐकताना

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. थोडं लांबेल, पण शेवटी तुमच्याकडे मदत मागायची आहे, म्हणून सगळं सांगते.

आमच्याकडच्या विद्यापीठाच्या इतिहास आणि मराठी विभागांनी गेली दोन वर्षं दिवाळीनंतरचे चार शनिवार गावासाठी खुले ठेवले आहेत. दुपारी चार ते सहा. फी नाही, नाव नोंदवायचं नाही, विद्यार्थी असायची अट नाही. विषय एकच: आपल्या मुलखातले वेगवेगळे धर्म आणि त्यांच्या माणसांचं शेजारपण. मी शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. गेल्या वर्षी नुसती ऐकायला जायचे, यंदा सतरंज्या, चहा, नोंदवही असं मागचं काम अंगावर घेतलं.

यंदाच्या पहिल्या शनिवारी फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' होतं. हा इंग्रज जेझुइट, म्हणजे येशूसंघाचा पाद्री, १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि १६१९ मध्ये तिथेच वारला. मधल्या चाळीस वर्षांत त्यानं आदमापासून येशूपर्यंतची कथा जवळजवळ अकरा हजार ओव्यांत मराठीत लिहिली. १६१६ मध्ये गोव्याच्या साष्टी तालुक्यातल्या राचोलला ती रोमन लिपीत छापली गेली. त्या वेळच्या छापील प्रतींपैकी आज एकही शिल्लक नाही. लोकांनी हातानं उतरवून घेतलेल्या नकलांमुळे ग्रंथ टिकला.

व्याख्यान देणाऱ्या सरांनी पडद्यावर मराठीच्या कौतुकाची ती प्रसिद्ध ओवी लावली, 'जैसी हरळांमाजी रत्नकिळा' वाली, आणि आपण बातमी वाचतो तशी सपाट वाचली. तिसऱ्या रांगेत आमच्या भजनी मंडळातल्या एक आजी बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या, दरवर्षी सप्ताहात पारायणाला बसणाऱ्या. त्या म्हणाल्या, "अहो सर, ओवी आहे ना ही? मग अशी नाही वाचायची." चष्मा पुसला, पडद्यावरची अक्षरं नीट लागेनात म्हणून मला शेजारी बसवून एकेक शब्द विचारून घेतला, आणि मग मांडीवर हातानं ताल धरून ज्ञानेश्वरीच्या चालीत ओवी म्हटली. शेवटचा अर्धा चरण जिथे पडायला हवा तिथेच पडला. मागच्या दोघीतिघींनी आपसूक सूर लावला. पुढची ओवी आली, तीही तशीच बसली. सभागृहात साठेक माणसं असतील, कुणी जागचं हललं नाही.

म्हणून झाल्यावर आजींनी विचारलं, "हे कुणी लिहिलं म्हणालात?" सरांनी पुन्हा सांगितलं, विलायतेतून आलेला पाद्री. त्यावर आजी म्हणाल्या, "मग त्यानं आपल्याकडं बसून पुराण ऐकलेलं असणार. नुसतं वाचून ही चाल यायची नाही."

सर नंतर चहाच्या टेबलापाशी मला म्हणाले की वीस वर्षं हा ग्रंथ शिकवतोय, पण तो कानानं पहिल्यांदा ऐकला.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच घोळतंय. दुसऱ्याच्या धर्माबद्दल सांगायचं तर आधी त्याची वस्तू समोर ठेवावी. पोथी, गाणं, शिलालेख, जेवण, जे असेल ते. माणसं त्याला हात लावतात, आपल्याकडचं काहीतरी काढून त्याशेजारी ठेवतात, आणि मग बोलणं सुरू होतं. गेल्या वर्षी आम्ही उलटं केलं होतं. चार दिवस चार धर्मांच्या चार वक्त्यांनी आपापल्या धर्मात प्रेम आणि शांती किती आहे ते सांगितलं. सगळं खरं आणि चांगलं होतं, पण तिसऱ्या शनिवारी खुर्च्या रिकाम्या पडल्या.

पुढच्या वर्षीची आखणी आता सुरू आहे आणि विभागानं माझ्याकडे सूचना मागितल्यात. काय घ्यावं, कसं घ्यावं, काय टाळावं, मनमोकळं सांगा.

एमए_भाग_दोन

मावशी, मी त्या दिवशी तिथे होतो, नोंदवहीपाशी उभा. अभ्यासक्रमात आम्हाला ख्रिस्तपुराण एका परिच्छेदापुरतं आहे. परीक्षेला टीप म्हणून येतं, पाच मार्क. आजींचं ऐकून मी त्याच रात्री ग्रंथालयातली प्रत शोधली. १९५६ मध्ये पुण्यात शांताराम बंडेलूंनी काढलेली देवनागरी आवृत्ती आहे. शेवटची नोंद माझ्या जन्माच्या आधीची होती.

साष्टीकर

धागा मनापासून वाचला. आजींचा प्रसंग वाचताना डोळे भरून आले. तरीही एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती सांगितली नाही तर या ओव्यांवर अन्याय होतो.

माझं मूळ गाव साष्टीत. राचोलपासून फार लांब नाही. ज्या तालुक्यात ते पुराण छापलं गेलं त्याच तालुक्यात १५६७ साली पोर्तुगीजांनी देवळं पाडली होती. आमच्याकडची कितीतरी कुलदैवतं रातोरात नदीपलीकडे, पोर्तुगीज राज्याबाहेरच्या फोंड्याकडे नेली गेली. मंगेशी कुठ्ठाळीची प्रियोळला गेली, शांतादुर्गा केळशीची कवळ्याला. आजही आमचे लोक देवाला जातात ते फोंड्यात, आणि का जातात हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असतं. इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाची चौकशी करणारं न्यायालय, १५६० पासून होतं, ते १८१२ पर्यंत चाललं.

कुंकळ्ळीला १५८३ मध्ये गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना मारलं. त्यांतला रुदोल्फ आक्वाव्हिवा नुकताच अकबराच्या दरबारातून परतला होता. फतेहपूर सिक्रीच्या इबादतखान्यात मुल्ला, पंडित, जैन साधू यांच्या बरोबरीनं बसून धर्मचर्चा करून आलेला माणूस. त्यांची प्रेतं ताब्यात घ्यायला जो पाद्री गेला तो हाच थॉमस स्टीफन्स. पुढे बोलणी करायला म्हणून बोलावलेल्या कुंकळ्ळीच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात ठार केलं. कुंकळ्ळीत त्यांचं स्मारक आहे, गोव्याला याल तेव्हा जरूर थांबा.

आता पुन्हा त्या पुराणाकडे या. त्याच्या सुरुवातीलाच एक बाटलेला माणूस पाद्रीला विचारतो की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्ही काय वाचायचं? हा प्रश्न स्टीफन्सनं स्वतःच्या ग्रंथात ठेवला आहे. त्या प्रश्नातलं रिकामपण मला ऐकू येतं. आजी म्हणतात तसं त्यानं बसून ऐकलं असेलच, पण ज्यांच्याकडून ऐकलं त्यांना ते पुन्हा म्हणायची मोकळीक उरली नव्हती.

माझी ख्रिस्ती मावसभावंडं आहेत. आमचा वाद नाही. गणपतीला ती येतात, नाताळला आम्ही जातो, आणि जुनं गाव, जुनं कूळ दोघांनाही सांगता येतं. दुखणं दोघांचं आहे, कारण त्यांच्याही पणज्यांची भाषा पुढे १६८४ च्या फर्मानानं हिरावून घेतली. तीन वर्षांत कोंकणी सोडा, पोर्तुगीज बोला, असा हुकूम होता. तेव्हा कृपा करून हे सगळं त्याच सभागृहात, त्याच दुपारी सांगा. ओवी गोड आहे म्हणून ते झाकू नका, आणि ते कडू आहे म्हणून ओवीही टाकू नका.

गोदाकाठ

साष्टीकर, तुमचा प्रतिसाद मी सरांना वाचून दाखवला. त्या दिवशीही एकांनी हा प्रश्न विचारला होता, पण सहा वाजत आले होते आणि दोन मिनिटांत उरकलं गेलं. ती चूक होती. पुढच्या वेळी पहिला तास ग्रंथाचा आणि दुसरा साष्टीचा, असं ठरवतोय. आक्वाव्हिवा आणि इबादतखाना हा दुवा मला माहीतच नव्हता.

स्पष्ट_बोलतो

राग मानू नका, पण मला अशा कार्यक्रमांबद्दल शंका आहे. मी तीन-चार ठिकाणी जाऊन आलोय. सगळीकडे एक सूर: सगळे धर्म समान, सगळे संत एक, भांडणं राजकारण्यांनी लावली. मी सश्रद्ध माणूस आहे. माझ्या धर्मातल्या काही गोष्टी मला खऱ्या वाटतात आणि दुसऱ्याच्या काही गोष्टी पटत नाहीत. त्यालाही माझ्या पटत नसणार. विद्यापीठात हे मोकळेपणानं बोलता येत नसेल तर कुठे बोलायचं? नुसतं गोड बोलून घरी जायचं असेल तर त्याला देऊळ, मशीद, चर्च आहेतच.

गिरगावचा_किनारा

स्पष्ट_बोलतो, तुमच्याशी मी बराचसा सहमत आहे, आणि तुम्ही मागताय ते मराठीत पूर्वी होऊन गेलंय.

१८५७ च्या सुरुवातीचे महिने, मुंबईची चौपाटी. विष्णुबुवा ब्रह्मचारी संध्याकाळी वाळूत उभे राहून वैदिक धर्माच्या बाजूनं बोलायचे आणि समोर ख्रिस्ती मिशनरी प्रश्न विचारायचे. भोवती शेकडो माणसं, सगळ्या जातींची, सगळ्या धर्मांची. आठवड्यामागून आठवडा हे चाललं. पुढे त्याचा वृत्तांत पुस्तकरूपानंही आला. विष्णुबुवा तेव्हा जेमतेम एकतीस वर्षांचे. त्याच्याही सव्वीस वर्षं आधी, १८३१ मध्ये, मोरभट दांडेकर आणि जॉन विल्सन यांच्यात असाच जाहीर वाद रंगला होता. पारशी मंडळींशीही विल्सनचे वाद झाले. सौम्य भाषा कुणाचीच नव्हती. पण समोरच्याचे ग्रंथ वाचून यावं लागायचं, नाहीतर पहिल्याच प्रश्नाला उघडं पडायची पाळी.

मला यातला योग फार मोलाचा वाटतो. चौपाटीवरचे वाद झाले त्याच वर्षीच्या जुलैत मुंबई विद्यापीठ स्थापन झालं. पुढे याच विद्यापीठात विल्सनच्या नावानं भाषाशास्त्राची व्याख्यानं सुरू झाली आणि १८७७ मध्ये ती रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी दिली. धर्मावर वाद घालणाऱ्या मिशनऱ्याच्या नावाच्या व्यासपीठावरून संस्कृतचा आणि आपल्या भाषांचा इतिहास एका हिंदू विद्वानानं मांडला.

त्याच्याही मागे जायचं तर एकनाथांचं 'हिंदू-तुर्क संवाद' हे भारूड घ्या. दोघं एकमेकांना आधी वाट्टेल ते बोलतात. तुझा देव असा, तुझी नमाज तशी. कुणीही मागे हटत नाही. शेवटी गळाभेट होते, पण ती सगळं बोलून झाल्यावर. पैठणच्या माणसानं सोळाव्या शतकात हे लिहिलं. एका शनिवारी दोन चांगले आवाज बोलावून ते नुसतं सादर करा, व्याख्यान नंतर.

मलिदा

इथे मी बहुतेक वेळा वाचून निघून जाते. आज लिहिते.

मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी. आमचे पूर्वज अलिबागजवळ नवगावला गलबत फुटून किनाऱ्याला लागले अशी आमची परंपरा सांगते. पुढे कोकणात गावोगाव तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावानं नाव दिलं शनिवार तेली. आडनावं सगळी गावांची: नवगावकर, दिवेकर, केहीमकर, पेणकर. माझी आजी अलिबागकडचं मराठी बोलायची, हिब्रूतल्या प्रार्थना मराठी अक्षरांत लिहिलेल्या वहीतून म्हणायची. १८८० च्या आसपास आमच्या लोकांनी मुंबईत कीर्तनं सुरू केली. नारदाच्या गादीवर मोशे आणि योसेफाची आख्यानं, साकी, दिंडी, आर्या, सगळं मराठीत. माझ्या आजोबांना त्यातली पदं तोंडपाठ होती.

काही वर्षांपूर्वी एका कॉलेजनं 'विविधतेचा उत्सव' म्हणून मला बोलावलं. आधी फोन आला तो मलिदा करून आणाल का म्हणून. मी आनंदानं केला. पोहे भिजवून, त्यात ओलं खोबरं, साखर, वेलदोडा, वर फळं. आमच्याकडे नवस फेडताना, लग्नाआधी, नव्या घरात शिरताना एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे एलिया प्रेषिताच्या नावानं हा करतात. ताट मध्ये ठेवून सगळे मिळून गातो आणि मग वाटतो. तिथे तो स्टॉलवर ठेवला, बाजूला पाटी लावली. मला बोलायला दहा मिनिटं दिली होती, ती पाहुणे उशिरा आल्यानं गेली. फोटो मात्र झाले. घरी येऊन मी ताट घासताना रडले. मलिदा गाण्याशिवाय वाटला गेला, हे मला आजीला सांगता आलं नसतं.

आता मुद्द्याचं. गोदाकाठताई, तुमचा उपक्रम मला खरंच आवडला, म्हणूनच सांगते. तुम्ही तो शनिवारी ठेवलाय. शब्बाथ, आमचा विश्रांतीचा पवित्र दिवस, शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत असतो. आमच्यातला सश्रद्ध माणूस त्या वेळात गाडीत बसत नाही, माईकला हात लावत नाही. दार सगळ्यांना उघडं आहे असं तुम्ही म्हणता, पण ज्यांचं नावच शनिवारवरून पडलं त्यांना त्या दारातून येता येत नाही.

गोदाकाठ

मलिदा ताई, तुमचं वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. दोन वर्षं आम्ही दिवस ठरवताना सभागृह कधी रिकामं असतं एवढंच पाहिलं. आठ शनिवार झाले, आणि कुणाच्याही ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही. माफ करा. उद्याच विभागात जाते.

श्रीगोंदा_रोड

मलिदा ताईंचं दुखणं मला ओळखीचं आहे. मी मराठीचा शिक्षक, मुसलमान. कुठेही बोलावलं की विषय ठरलेला: सूफी संत आणि हिंदू-मुस्लिम ऐक्य. मी तुकारामांवर बोलू का विचारलं तर समोरचा गोंधळतो.

तरी सुचवतो, कारण माणूस आमच्या भागातला आहे. श्रीगोंद्याचे शेख महंमद. 'योगसंग्राम' हा त्यांचा मोठा ओवीबद्ध ग्रंथ. परंपरेप्रमाणे त्यांचे गुरू चांद बोधले, आणि एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी हेही चांद बोधल्यांचेच शिष्य. म्हणजे देवगिरीच्या किल्ल्यावरून एक फांदी पैठणला गेली आणि एक श्रीगोंद्याला. 'शेख महंमद अविंध, त्याचे हृदयीं गोविंद' हे त्यांनी स्वतःबद्दल म्हटलेलं. अविंध म्हणजे कान न टोचलेला, तेव्हा मुसलमानाला वापरायचा शब्द. लोकांनी दिलेला तो शब्द त्यांनी न लाजता आपल्याच ओळीत बसवला आणि पुढच्याच चरणात गोविंद आणला. मुलांना मी हा शब्द फळ्यावर लिहून दाखवतो, वर्गात शांतता पसरते.

पण शेख महंमदांवर बोलायला माझ्यासारख्यालाच बोलावू नका. एखाद्या वारकरी अभ्यासकाला बोलवा. आणि मला ख्रिस्तपुराणावर बोलवा, मी आनंदानं तयारी करून येईन. माणसं आपापल्या धर्माचे वकील म्हणून उभी राहिली की ती सांभाळून बोलतात. दुसऱ्याचा ग्रंथ हातात दिला की जपून वाचतात. वाचण्यातला हा जपणूक-भाव मला जास्त मोलाचा वाटतो.

आणखी एक. असरची, म्हणजे दुपार कलल्यावरची नमाज साधारण याच वेळात येते. मधला चहा त्या सुमाराला ठेवलात आणि एखादी रिकामी खोली दाखवून ठेवलीत तर कुणाला दोनपैकी एक निवडावं लागणार नाही.

हमीद दलवाईंनी १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं. धर्माच्या आत राहून केलेले असे वादही या मालिकेत यावेत. स्पष्ट_बोलतो यांना जे हवं आहे ते तिथे भरपूर आहे.

धम्मपहाट

माझी तक्रार साधी आहे. अशा कार्यक्रमांत बौद्ध म्हटलं की कार्ले, भाजे, अजिंठ्याचे फोटो दाखवतात. कार्ल्याच्या खांबांवर धेनुकाकट गावच्या यवनांनी दान दिल्याचे लेख आहेत, म्हणजे ग्रीक वंशाच्या लोकांनी आमच्या लेण्यांना हातभार लावला, हे सगळं सुंदर आहे. पण स्लाइड तिथेच संपते, जणू नंतर बौद्ध उरलेच नाहीत. सभागृहात दहा-पंधरा बौद्ध बसलेले असतात. त्यांच्या आजी-आजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांबरोबर दीक्षा घेतली. माझी आजी त्यांतली. विदर्भातल्या आमच्या खेड्यातून निघून बैलगाडी, मग रेल्वे, मग पायी. पांढरं लुगडं उसनं आणलं होतं. ते परत करताना शेजारीण म्हणाली, ठेव तुझ्याकडेच. ते अजून आमच्या पेटीत आहे. गोदाकाठताई वस्तू समोर ठेवा म्हणतात ना, ते लुगडं मी आणीन.

आणि संवादाची आमचीही परंपरा आहे. बाबासाहेबांनी औरंगाबादला १९५० मध्ये कॉलेज काढलं, त्याला नाव दिलं मिलिंद. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात मिलिंद नावाचा ग्रीक राजा नागसेन भिक्खूला प्रश्न विचारतो. आत्मा आहे का, पुनर्जन्म होतो तर कोण जन्मतं, अवघड अवघड प्रश्न. उत्तर पटेपर्यंत राजा सोडत नाही. रथाचा दाखला तिथलाच: चाक म्हणजे रथ का, कणा म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का? शिकणाऱ्या पहिल्या पिढीच्या कॉलेजला प्रश्न विचारणाऱ्याचं नाव द्यावं असं बाबासाहेबांना वाटलं. भिक्खूचं दिलं नाही.

टेम्सकाठी

मी ऑक्सफर्डजवळ राहते. इथल्या मँचेस्टर कॉलेजात, आता त्याचं नाव हॅरिस मँचेस्टर आहे, १९०१ ते १९०३ या काळात विठ्ठल रामजी शिंदे तुलनात्मक धर्माचा अभ्यास करत होते. जमखंडीचा मुलगा, युनिटेरियन, म्हणजे उदारमतवादी एकेश्वरी ख्रिस्ती मंडळींची शिष्यवृत्ती, सयाजीराव गायकवाडांची मदत. परतायच्या आधी १९०३ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या उदार धर्म परिषदेला गेले. परत येऊन १९०६ मध्ये डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं. धर्मांचा तौलनिक अभ्यास करून आलेला माणूस मुंबईत अस्पृश्यांसाठी शाळा चालवायला लागला, या क्रमाकडे मी पुन्हा पुन्हा वळते. मी पहिल्यांदा त्या कॉलेजात गेले तेव्हा चॅपलमध्ये एका बाकावर नुसती बसून आले. सयाजीरावांनी तर पुढे बडोद्याच्या कॉलेजात तुलनात्मक धर्मासाठी प्राध्यापक नेमला. विद्यापीठात धर्म शिकवणं म्हणजे पूजापाठ शिकवणं नव्हे, हे आपल्याकडच्या माणसांना शंभर वर्षांपूर्वी नीट कळलं होतं.

एमए_भाग_दोन

यात फुल्यांचं नाव कसं आलं नाही? 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' १८९१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर निघालं. त्यात ते म्हणतात की एकाच घरात बाईनं बौद्ध ग्रंथ वाचून तो धर्म घ्यावा, नवऱ्यानं बायबल वाचून ख्रिस्ती व्हावं, मुलीनं कुराण वाचून मुसलमान व्हावं, मुलानं सत्यधर्मी व्हावं, आणि सगळ्यांनी एकमेकांचा द्वेष न करता त्याच घरात नांदावं. आमच्या वसतिगृहातल्या खोलीत आम्ही चौघं चार धर्मांचे आहोत. हा उतारा मी भिंतीवर लावलाय. माझ्या आईला अजून ते सांगितलेलं नाही.

स्पष्ट_बोलतो

माझ्या प्रतिसादावर कुणी अंगावर येईल असं वाटलं होतं. उलट वाचायला यादी मिळाली. मी वर लिहिलेलं मागे घेत नाही, पण चौपाटीचा तो वाद मी शोधून वाचणार आहे. पुढच्या वर्षी यायचा विचार आहे, माझं गाव दोन तासांवर आहे. श्रीगोंदा_रोड यांची सूचना मनात राहिली. मला कुणी दुसऱ्या धर्माचा ग्रंथ दिला आणि पंधरा मिनिटं त्यावर बोल म्हटलं तर मी काय करेन, याचा दोन दिवस विचार करतोय.

कागदवाला

मी हस्तलिखितांवर काम करतो, म्हणून फक्त व्यवहाराचं बोलतो. पडद्यावर ओळी दाखवू नका, कागद वाटा. अक्षर मोठं, १८ पॉइंट, दोन ओळींत भरपूर जागा, म्हणजे लोकांना पेन्सिलीनं लिहिता येतं. आजींना शब्द विचारावे लागले ते पडद्यामुळे.

एक भर. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी 'श्रीचामुण्डराजें करवियलें' असं कोरलेलं आहे. मराठीच्या अगदी जुन्या ओळींपैकी एक. कर्नाटकात, जैन मूर्तीशी, शेजारी कन्नड आणि तमिळ ओळी. महानुभावांचं लीळाचरित्र तेराव्या शतकातलं, आणि त्यांच्या सांकेतिक लिपीतल्या पोथ्या पंजाबात, थेट काबूलपर्यंत गेल्या. जैन आणि महानुभाव हे दोन्ही अशा मालिकांत हमखास राहून जातात. श्रवणबेळगोळच्या त्या ओळीच्या ठशाचा कागद माझ्याकडे आहे, देईन.

गोदाकाठ

सगळ्यांना सांगते, काय काय झालं ते.

दिवस बदलला. पुढच्या वर्षी रविवार, दुपारी चार ते सहा. सकाळची प्रार्थना आटोपून ख्रिस्ती मंडळींना येता येईल, शब्बाथ संपलेला असेल. रविवारी विद्यापीठ बंद असतं, पहारेकऱ्याची सुट्टी असते, म्हणून परवानगीला तीन खेटे घालावे लागले. शेवटी सभागृहाची किल्ली माझ्या सहीवर मिळाली आहे. शेजारची वर्गखोली नमाजासाठी, किंवा ज्याला थोडं शांत बसायचं असेल त्याच्यासाठी, उघडी राहील.

पहिल्या रविवारी ख्रिस्तपुराण आणि साष्टी. बोलायला श्रीगोंदा_रोड, त्यांनी होकार दिलाय. दुसऱ्या तासाला साष्टीकर. ओव्या आजी म्हणणार आहेत. त्यांनी माझ्याकडून शंभर ओव्यांचे मोठ्या अक्षरातले कागद घेतलेत आणि रोज संध्याकाळी बसतात. परवा विचारत होत्या, येशूच्या आईच्या दुःखाचा अध्याय कुठला, तो आधी दे.

दुसऱ्या रविवारी शेख महंमद आणि एकनाथांचं भारूड. वारकरी अभ्यासकांशी बोलणं चालू आहे. तिसऱ्या रविवारी धम्मपहाट आणि ते लुगडं, आधी मिलिंदपञ्हातले प्रश्न. स्पष्ट_बोलतो, त्यातल्या रथाच्या प्रश्नावर पंधरा मिनिटं तुम्ही बोलावं अशी माझी विनंती आहे. कागद पाठवते. शिंदे, फुले, चौपाटी, जैन, महानुभाव यांना या चारांत जागा होत नाही म्हणून उन्हाळ्यात दोन रविवार आणखी मागितलेत.

चौथा रविवार मलिदा ताईंचा, दोन्ही तास. कीर्तन आधी. मलिदा शेवटी, सभागृहाच्या मध्यभागी, खाली सतरंजीवर, भोवती सगळे बसलेले, आणि गाणं झाल्याशिवाय ताटाला हात लागणार नाही. ताई, गाण्याचे शब्द मराठी अक्षरांत लिहून पाठवाल का? आमच्या भजनी मंडळाला ते आधीपासून बसवायचे आहेत. पोहे भिजवायला आणि खोबरं खवायला आम्ही चौघी दुपारी बाराला येतो आहोत.